लिंकची मुदत संपली, आता पुढे काय?

संगणक-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

आंब्याच्या पेट्या संपल्या, निवास-न्याहारीच्या खोल्या गणपतीपर्यंत रिकाम्या, आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. कोकणातल्या वेबसाइट्स दुरुस्तीला निघतात त्या याच दिवसांत. म्हणूनच की काय, या वेळी आठ पत्रं एकाच विषयावर आली: नोंदणी करताना मेलवर जाणारी पडताळणीची लिंक, आणि ती दाबल्यावर ग्राहकाच्या तोंडावर आपटणारं ‘लिंक एक्स्पायर झाली आहे’. पत्रं थोडी काटछाट करून देत आहोत.

आमच्या वेबसाइटवरून हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी होते. मुंबई-पुण्याचे बरेच ग्राहक ऑफिसच्या मेलवरून खातं काढतात. लिंक पहिल्यांदाच दाबली तरी त्यांना ‘ही लिंक वापरून झाली आहे’ असं दिसतं. जीमेलवाल्यांना काहीच त्रास नाही. कोडमध्ये चूक सापडत नाही.
— एक वाचक, पावस (रत्नागिरी)

चूक कोडमध्येच आहे, पण बग म्हणून दिसणार नाही अशी आहे. तुमच्या पत्रातला ‘ऑफिसच्या मेलवरून’ हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या कंपन्यांच्या मेलव्यवस्थेत आलेल्या प्रत्येक मेलमधल्या लिंक तपासणारं यंत्र बसवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टचं सेफ लिंक्स हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. हे यंत्र माणसाच्या आधी लिंक उघडून बघतं. तुमचा कोड लिंक उघडताक्षणी टोकन, म्हणजे लिंकमधला एकदाच चालणारा गुप्त संकेत, ‘वापरलं’ म्हणून मोडीत काढतो. ग्राहक चहा पिऊन मेल उघडतो तोवर लिंक खर्ची पडलेली असते.

खात्री करायची तर सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंदवही, काढा. मेल गेल्यानंतर काही सेकंदांतच त्या लिंकवर विनंती आलेली दिसेल, आणि तिचा आयपी पत्ता मोबाइल कंपनीचा नसून एखाद्या डेटा सेंटरचा असेल. कधी आधी ‘हेड’ विनंती (पानाची नुसती माहिती मागणारी) येते आणि मागोमाग ‘गेट’ (पान मागणारी). अशा यंत्रांचे पत्ते किंवा यूजर-एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो ती ओळ) शोधून त्यांना अडवायच्या फंदात पडू नका. बरीच यंत्रं साध्या क्रोमचं रूप घेऊन येतात, आणि यादी कधीच पुरी होत नाही.

उपाय एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवर पानं मागण्या-देण्याच्या, मूळ नियमातच आहे. आरएफसी ९११० या २०२२ च्या मानकात ‘गेट’ ही सुरक्षित पद्धत मानली आहे, म्हणजे नुसतं बघायला येणाऱ्याने काही बदलू नये. तेव्हा लिंक उघडल्यावर टोकन फक्त तपासा आणि एक पान दाखवा. त्यावर एकच मोठं बटण: ‘माझा मेल पक्का करा’. टोकन खर्च करायचं ते हे बटण दाबल्यावर जाणाऱ्या ‘पोस्ट’ (काही बदलायला सांगणाऱ्या) विनंतीत. पान उघडताच जावास्क्रिप्टने बटण आपोआप दाबायची युक्ती करू नका, काही तपासणी यंत्रं जावास्क्रिप्टही चालवतात. बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांत) ‘हेड’ विनंती ‘गेट’च्याच कोडमधून जाते, तिथेही एकदा नजर टाका.

‘पोस्ट’ हाताळताना आधी टोकन वाचायचं आणि मग वेगळ्या क्वेरीने (डेटाबेसला दिलेल्या आदेशाने) बदलायचं असं दोन पायऱ्यांत करू नका. एकाच अपडेटमध्ये तीन अटी घाला: टोकन हेच, अजून वापरलेलं नाही, मुदत शिल्लक आहे. किती ओळी बदलल्या ते पाहा. एक बदलली तर काम झालं. शून्य आली तर लगेच चूक झाल्याचं पान दाखवू नका. आधी त्या खात्याची पडताळणी झालेली आहे का ते बघा. झालेली असेल तर ‘तुमचा मेल पक्का झाला आहे, लॉगिन करा’ हेच पान पुन्हा दाखवा. रेंज मंद असली की माणूस बटण दोनदा, तीनदा दाबतो. पहिल्या दाबाला काम झालं आणि दुसऱ्याला चूक दाखवली तर त्याच्या डोळ्यांसमोर चूकच उरते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती जास्त गंभीर आहे. लिंक नुसती उघडल्याने पडताळणी होत असेल, तर कोणीही दुसऱ्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर खातं काढू शकतो आणि त्या कंपनीचं यंत्रच ते ‘पक्कं’ करून टाकेल. ज्याचा पत्ता आहे त्याला पत्ताच नाही! बटणाच्या पानावर म्हणूनच ‘हे खातं मी काढलेलं नाही’ असा दुसरा, छोटा पर्यायही ठेवा.

निवास-न्याहारीच्या आरक्षणाची वेबसाइट लॅराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये केली आहे. लिंक ६० मिनिटांत मरते. घरमालक आणि पाहुणे दोघांच्या तक्रारी येतात. किती मुदत ठेवावी?
— एक वाचक, गुहागर

६० मिनिटं ही लॅराव्हेलची मूळ मुदत आहे. तुम्ही ठरवलेली नाही, तशीच राहून गेली आहे. पडताळणीच्या लिंकसाठी ती तोकडी पडते. आमची शिफारस ७२ तासांची.

पासवर्ड बदलायची लिंक आणि पत्ता पक्का करायची लिंक यांना एकाच मापाने मोजू नये. पहिली ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती खातं गेलं, म्हणून ती ३० ते ६० मिनिटांची बरी. दुसरीने फक्त ‘हा पत्ता चालू आहे आणि याचा मालक होय म्हणतो’ एवढंच ठरतं, आणि ती दाबल्यावर तुम्ही आपोआप लॉगिन करून देत नसाल तर जोखीम फारच थोडी. जँगो हे दुसरं फ्रेमवर्क तर पासवर्ड बदलायच्या लिंकलाही मुळात २,५९,२०० सेकंद, म्हणजे तीन दिवस देतं.

शिवाय मेल वेळेवर पोचेल याची हमी कोणी दिलेली नाही. समोरचा मेलसर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला ‘थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवू शकतो. मेलच्या मानकानुसार पुढचा प्रयत्न साधारण किमान ३० मिनिटांनी करावा आणि चार-पाच दिवस करत राहावं. दोन फेऱ्या झाल्या की तुमची ६० मिनिटं संपली. त्यात वेळणेश्वराच्या उतारावर राहणाऱ्या घरमालकाला पावसाळ्यात मेल दिसतो तो बाजारात आल्यावर.

लॅराव्हेलमध्ये कॉन्फिगच्या (सेटिंग्जच्या) ऑथ फाइलमध्ये पडताळणीच्या मुदतीची नोंद नसेल तर ती स्वतः घालावी लागते. आकडा मिनिटांत द्यायचा, म्हणून ७२ तासांचे ४३२०. मग कॉन्फिगचा कॅश (साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करा, नाहीतर ‘बदललं तरी काही होत नाही’ म्हणून दुसरं पत्र लिहाल. आधी गेलेल्या लिंकची मुदत त्यांच्या सहीतच, म्हणजे लिंक बदललेली नाही हे ओळखायच्या खुणेतच, कोरलेली असते. त्या जुन्याच वेळी संपणार.

मेल पाठवायच्या रांगेचंही बघा. लिंक कंट्रोलरमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) बनवून तयार मजकूर रांगेत टाकत असाल, तर घड्याळ तिथेच सुरू होतं. रांग चालवणारी प्रोसेस रात्री बंद पडली आणि सकाळी चालू केली, की मेल निघतानाच शिळा. लिंक बनवायचं काम मेल पाठवायच्या कामातच ठेवा.

लॅराव्हेलमध्ये आणखी तीन ठिकाणी लिंक न संपताच संपल्यासारखी दिसते. सर्व्हरसमोर प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल आणि अॅप्लिकेशनला ती विश्वासू म्हणून सांगितलेली नसेल, तर एचटीटीपीएसची लिंक आत साधी एचटीटीपी म्हणून वाचली जाते, सही जुळत नाही आणि ‘परवानगी नाही’ असा ४०३ येतो. मेल पाठवणाऱ्या सेवेने क्लिक मोजण्यासाठी लिंकला शेपूट जोडलं तरी तेच होतं. व्यवहाराच्या मेलसाठी क्लिक मोजणं बंद ठेवा. तिसरं म्हणजे लॅराव्हेलचा नेहमीचा पडताळणी मार्ग आधी लॉगिन मागतो. नोंदणी क्रोममध्ये केली आणि लिंक मेलच्या अॅपमधल्या ब्राउझरमध्ये उघडली, तर पाहुण्याला लॉगिनचं पान दिसतं आणि तो समजतो, गेली लिंक.

आणि पडताळणीला ७२ तास दिले म्हणून खोलीही ७२ तास अडवून ठेवू नका. खोलीचा ताबा वेगळा, १५ ते २० मिनिटांचा. गणपतीच्या आठवड्यातली खोली मेलच्या भरवशावर तीन दिवस रिकामी ठेवलीत, तर घरमालक तुम्हालाच दाराबाहेर ठेवेल.

घरच्या संगणकावर सगळं बरोबर चालतं. क्लाउड सर्व्हरवर चढवलं की लिंक पाठवल्याबरोबर मुदत संपलेली. मुदत चार तास आहे. कोड नोडमध्ये, डेटाबेस मायएसक्यूएल.
— एक वाचक, देवगड

साडेपाच तासांचा घोळ. सर्व्हरवर कोड यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत, भारताच्या साडेपाच तास मागे) चालतो. दहा वाजता चार तास मिळवून त्याने १४:०० लिहिलं, आणि डेटटाइम स्तंभात त्याबरोबर वेळक्षेत्र काही गेलं नाही. डेटाबेसचं घड्याळ कोणीतरी +०५:३० वर लावलेलं आहे. त्याच्या मते आत्ता १५:३० वाजलेत. म्हणजे लिंक जन्मतःच दीड तास शिळी. घरी दोन्ही घड्याळं भारतीय वेळेची, म्हणून भेद दिसला नाही.

मुदत यूटीसीत किंवा सरळ सेकंदांच्या आकड्यात साठवा, आणि ‘आत्ता किती वाजले’ हे मिळवताना व तपासताना एकाच घड्याळाला विचारा. भारतीय वेळ फक्त मेलमध्ये आणि पानावर दाखवताना. चाचणीत घड्याळ गोठवून मुदतीच्या एक सेकंद आधी आणि एक सेकंद नंतर असे दोन्ही प्रसंग तपासा. हाच घोळ उलटा झाला असता तर लिंक साडेपाच तास जास्त जगली असती आणि तुम्हाला पत्र लिहायची गरज वाटली नसती; तो प्रकार जास्त वाईट.

मुदत खरोखरच संपली असेल तर ग्राहकाला काय दाखवावं? सध्या ‘टोकन अवैध आहे’ असं लिहिलेलं कोरं पान येतं.
— एक वाचक, सावंतवाडी

ग्राहकाने टोकन मागितलं नव्हतं, आणि ते अवैध असल्याचा ठपका त्याच्यावर का? ‘आपली विनंती कालबाह्य झाली आहे’ हेही सरकारी खिडकीवरून परत पाठवल्यासारखं वाटतं. साधं लिहा: ‘या लिंकची मुदत काल संध्याकाळी ५.३० ला संपली. तुमचं खातं आणि भरलेली माहिती जशीच्या तशी आहे.’ खाली बटण: ‘नवी लिंक पाठवा’. बस्स. पत्ता पुन्हा टाइप करायला लावू नका, पुन्हा नोंदणी करायला तर अजिबात नको.

हे जमण्यासाठी मुदत संपलेलं टोकन डेटाबेसमध्ये सापडलं पाहिजे. बरेच जण रात्री चालणारी सफाई लावतात आणि ती संपलेल्या ओळी पुसते. मग सकाळी आलेली लिंक संपलेली होती की कोणी मनाने रचलेली, हे सांगायला पुरावाच उरत नाही. ओळी मुदतीनंतरही ३० दिवस ठेवा. तक्त्यात टोकनाचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा), खातं, ज्या पत्त्यावर पाठवलं तो पत्ता, बनवल्याची वेळ, मुदत, वापरल्याची वेळ एवढे स्तंभ पुरतात. टोकन ३२ यादृच्छिक बाइटचं करा आणि बेस६४च्या (बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीच्या) यूआरएलसाठीच्या प्रकारात लिहा. ती ४३ अक्षरं होतात. साध्या बेस६४ मध्ये अधिक चिन्ह येतं आणि लिंकच्या पत्त्यात त्याची रिकामी जागा होऊन बसते. साठवताना एसएचए-२५६ हा हॅश पुरे. टोकन मुळातच अंदाज न करता येणारं असल्याने पासवर्डसारख्या मंद हॅशची गरज नाही.

पान उघडताच नवा मेल आपोआप पाठवू नका. पहिल्या उत्तरातलं तपासणी यंत्र इथेही येतं, आणि ग्राहकाला न मागितलेले मेल जात राहतात. पत्ता दाखवायचा तर पहिलं अक्षर आणि डोमेन तेवढं दाखवा, कारण लिंक पुढे कोणाकोणाला पाठवली गेली असेल सांगता येत नाही. बटण दाबल्यावर ‘पाठवली’ म्हणा, कोणत्या पत्त्यावरून येईल ते लिहा आणि स्पॅममध्ये बघायला सांगा.

टोकन तक्त्यात मुळीच सापडलं नाही तर मात्र पत्ता विचारावा लागेल. तिथे उत्तर नेहमी एकच: ‘या पत्त्यावर पडताळणी बाकी असलेलं खातं असेल, तर थोड्याच वेळात मेल येईल.’ खातं आहे की नाही हे उत्तरातून कळता कामा नये, आणि उत्तराला लागणाऱ्या वेळातूनही नाही. म्हणून मेल पाठवणं रांगेत टाका आणि पान लगेच परत करा.

पुन्हा पाठवण्यावर लगाम हवा: दोन मेलमध्ये ६० सेकंद, एका पत्त्याला दिवसात पाच. आयपी पत्त्यावरचा लगाम सैल ठेवा. मोबाइल नेटवर्कवर शेकडो ग्राहक एकाच बाहेरच्या आयपीमागे असतात. कडक मर्यादा घातलीत तर एका माणसापायी सबंध तालुक्याची नोंदणी अडेल.

एचटीटीपीचा कोड संपलेल्या लिंकला ४१० (‘होतं, आता नाही’) आणि अनोळखी लिंकला ४०४ (‘सापडलं नाही’) असा ठेवा. ग्राहकाला तो दिसत नाही, पण महिनाअखेरीला लॉग चाळताना दोन्ही ढीग वेगळे मिळतात. पानावर बाहेरच्या जाहिराती, गणती करणाऱ्या स्क्रिप्ट नकोत, आणि रेफरर धोरण (कोणत्या पानावरून आलो हे पुढे सांगायचं की नाही) ‘नो-रेफरर’ ठेवा, नाहीतर टोकनासह लिंकचा सगळा पत्ता तिसऱ्याच्या लॉगमध्ये जाऊन बसतो. पानाची भाषा कुकीवरून (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदीवरून) नव्हे तर खात्यात साठवलेल्या पसंतीवरून घ्या. लिंक दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडली की कुकी नसते, आणि मराठीत नोंदणी केलेल्याला नेमकं अडचणीचं पान इंग्रजीत मिळतं.

ग्राहक ‘पुन्हा पाठवा’ तीनदा दाबतात आणि मग जुन्याच मेलमधली लिंक उघडतात. आम्ही नवी लिंक बनवताना जुन्या रद्द करतो. बरोबर ना?
— एक वाचक, मालवण

पासवर्डच्या लिंकसाठी बरोबर. पडताळणीसाठी उगाच जाच. जीमेल एकाच विषयाचे मेल एका गुंडाळीत ठेवतं आणि सारखा दिसणारा मजकूर तीन ठिपक्यांमागे दडवतं. त्यातली नवी लिंक कोणती हे ओळखायला तुमच्या स्कूबावाल्या पाहुण्याला पाण्यात उतरण्याइतकी तयारी लागेल. त्या खात्याच्या, त्याच पत्त्यावर गेलेल्या, मुदत न संपलेल्या सगळ्या लिंक चालू द्या. एकीने काम झालं की बाकीच्या एकदम बंद.

तरीही जुन्या रद्दच करायच्या असतील, तर रद्द झालेल्या लिंकवर ‘मुदत संपली’ म्हणू नका, ते खोटं आहे. ‘याहून नवी लिंक ५.१२ वाजता पाठवली आहे, ती उघडा’ असं सांगा. विषयातही वेळ घाला म्हणजे जीमेल मेल वेगळे ठेवील.

अर्धवट आलेल्या लिंकही याच तक्रारीत मिसळलेल्या असतात. साध्या मजकुराच्या मेलमध्ये ७६-७८ अक्षरांवर ओळ तोडणारा कोड असला की टोकनाची शेपटी खालच्या ओळीवर जाते. वाक्याच्या शेवटी लिंक देऊन पूर्णविराम टाकला तर काही अॅप तो टिंब लिंकमध्ये घेतात. लिंक स्वतंत्र ओळीवर, पुढेमागे काही न लावता. आलेलं टोकन ४३ अक्षरांपेक्षा कमी असेल, तर ‘लिंक अर्धीच उघडली आहे, मेलमधली पूर्ण लिंक कॉपी करा’ असं खास उत्तर द्या. शेवटी टिंब असेल तर ते गुपचूप काढून टाका.

पतसंस्थेच्या सभासदांसाठी पोर्टल आहे. सभासदाने मेलचा पत्ता बदलला आणि नव्या पत्त्यावरची लिंक मुदतीत दाबली नाही, तर त्याचं खातं अडकतं. जुन्या पत्त्याने लॉगिन होत नाही, नवा पक्का नाही.
— एक वाचक, चिपळूण

कारण तुम्ही जुना पत्ता आधीच खोडता. नवा पत्ता ‘पक्का व्हायचा’ म्हणून वेगळ्या स्तंभात ठेवा. तो पक्का होईपर्यंत लॉगिन, विवरणपत्रं, सगळं जुन्यावरच. लिंक संपली तर काहीच बिघडत नाही. प्रोफाइलच्या पानावर बाकी असलेला पत्ता, आणि शेजारी ‘पुन्हा पाठवा’ व ‘रद्द करा’.

बदलाची खबर जुन्या पत्त्यालाही त्याच वेळी गेली पाहिजे, आणि तीत बदल थांबवायची सोय हवी. पैशाचा मामला आहे.

टोकन खात्याला आणि पत्त्यालाही बांधलेलं असू द्या. सभासदाने पहिल्यांदा चुकीचा पत्ता लिहिला, मग सुधारला, तर पहिल्या पत्त्यावर गेलेल्या लिंकने दुसरा पत्ता पक्का होता कामा नये. आणि तो पत्ता दुसऱ्या कुणाच्या खात्यावर नाही ना, हे बदल मागताना एकदा आणि पक्का करताना पुन्हा एकदा तपासा. मधल्या तीन दिवसांत तो दुसऱ्या खात्यावर गेलेला असू शकतो.

लिंकची कटकटच नको, सहा आकडी ओटीपी मेलवर पाठवला तर?
— एक वाचक, अलिबाग

चालेल. तपासणी यंत्राला तो खर्च करता येत नाही, आणि मेल कोणत्या ब्राउझरमध्ये उघडला याने फरक पडत नाही. पण आकडा लहान असल्याने नियम कडक हवेत: मुदत दहा मिनिटं, प्रयत्न पाच. दहा लाख शक्यतांत पाच प्रयत्न म्हणजे अंदाजाने लागण्याची शक्यता दोन लाखांत एक. पाच चुकले की ओटीपी मोडा, खातं अडवू नका. नाहीतर कोणीही दुसऱ्याचं खातं बसल्या जागी बंद पाडील.

अडचण फोनवर येते. मांडव्याच्या जेट्टीवर उभा असलेला माणूस ब्राउझर सोडून मेलमध्ये जातो, परत येतो तोवर फोनने पान टाकून दिलेलं असतं. नोंदणी कुठवर आली हे सर्व्हरवर ठेवा, पानाच्या स्मृतीत नको. आणि ज्याचा कीबोर्ड मराठी आहे तो ४७१२०९ देवनागरीत टाइप करील. तुमचा कोड त्याला चूक ठरवील. तुलना करण्याआधी देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला, मधल्या मोकळ्या जागा काढा. यूनिकोडमध्ये शून्य ते नऊ सलग असल्याने हे काम एका ओळीचं आहे.

सर्वांत सोयीचं म्हणजे एकाच मेलमध्ये दोन्ही: वर दहा मिनिटांचा ओटीपी, खाली ७२ तासांची लिंक. समोर बसलेला आकडा टाकील, उद्या मेल बघणारा लिंक दाबील.

पडताळणी न झालेली खाती किती दिवसांनी पुसावीत?
— एक वाचक, कुडाळ

आधी मेल पोचतात का ते बघा. खाती ढिगाने अपुरी राहत असतील तर गुन्हेगार बहुतेक वेळा डोमेनची एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही (मेल खरंच या डोमेनचा आहे हे दाखवणारी) नोंद असते. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून ती सक्तीची केली. कमी पाठवणाऱ्यांनीही ती करून घ्यावी. दुसरा गुन्हेगार टायपिंगची चूक. ‘तुमचा मेल बघा’ या पानावर पत्ता ठळक दाखवा आणि तिथेच तो दुरुस्त करू द्या.

मग ४८ तासांनी एकच आठवण, आणि ३० दिवसांनी खातं पुसा. मधल्या काळात त्याच पत्त्याने कोणी पुन्हा नोंदणी केली तर ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ म्हणून दार लावू नका. नवी लिंक पाठवा, आधीचा पासवर्ड आणि चालू असलेली लॉगिन-सत्रं काढून टाका. पहिलं अर्धवट खातं कोणा भलत्यानेच काढलेलं असलं आणि त्याचा पासवर्ड तसाच राहिला, तर खऱ्या मालकाने पत्ता पक्का करताच त्या भलत्यालाही खात्यात शिरायला वाट मिळते.

पुसण्याच्या क्वेरीत एक अट न विसरता घाला: ज्या खात्यावर पैसे जमा झालेत ते सोडून. मेल पक्का नसला तरी पाच डझनांची पेटी त्याला पोचवायची आहे. अशांची यादी वेगळी काढा आणि ऑर्डरवर दिलेल्या नंबरावर फोन करा.